गुडघेदुखीवरचं व्होल्टारेन जेल: ट्यूब घेतलीत, आता आतली पट्टी बघा

एप्रिल उजाडला की आमच्या एडिसनमध्ये, म्हणजे न्यू जर्सीत, भारतातून आईवडील यायला लागतात. थंडी सरते, सहा महिन्यांचा मुक्काम सुरू होतो आणि पंधरा दिवसांत कुणाचा तरी फोन येतो, "ताई, तुम्ही ते गुडघ्याला कुठलं जेल लावता?" दर वर्षी तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हटलं. मी ६४ वर्षांची, मूळची कोल्हापूरची. उजव्या गुडघ्याची झीज झाली आहे आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांचे मनगटाजवळचे सांधे दुखतात. हे जेल डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायचं तेव्हापासून मी वापरते आहे आणि आता चिठ्ठीशिवाय मिळतं तेव्हाही वापरते.

खोक्यावरचं पूर्ण नाव व्होल्टारेन आर्थ्रायटिस पेन. आतलं औषध डायक्लोफेनॅक सोडियम, १ टक्का, सूज आणि दुखणं कमी करणारं. अमेरिकेत २००७ मध्ये ते आलं तेव्हा डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नसे. १४ फेब्रुवारी २०२० ला एफडीएने, म्हणजे इथल्या सरकारी औषध खात्याने, ते विनाचिठ्ठी विकायला परवानगी दिली. कंपनी तेव्हा ग्लॅक्सोस्मिथक्लाइनची होती, २०२२ पासून ती हेलिऑन या नावाने वेगळी झाली आहे. औषध बदललं नाही, ताकद बदलली नाही. बदललं ते आपल्यापर्यंत येण्याचा रस्ता, आणि माझं सगळं म्हणणं त्या रस्त्याबद्दल आहे.

चिठ्ठीच्या काळात माझ्या डॉक्टरांनी हे लिहून देण्याआधी विचारलं होतं: पोटात कधी अल्सर झाला होता का, अ‍ॅस्पिरिन चालू आहे का, बीपीची गोळी कुठली, किडनीचा रिपोर्ट कधीचा आहे. मग नर्सने एक प्लास्टिकची पट्टी हातात देऊन जेल किती पिळायचं ते दाखवलं. औषध घ्यायला गेले तर काउंटरमागच्या फार्मासिस्टने पुन्हा विचारलं, अ‍ॅडव्हिल वगैरे दुखण्याच्या गोळ्या घेता का म्हणून. तीन माणसं माझ्याशी बोलली. आज तीच ट्यूब मी दूध आणि टिश्यूपेपरबरोबर कार्टमध्ये टाकते आणि सेल्फ चेकआउटला स्कॅन करून बाहेर पडते. कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही. ही सोय मोठी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. डॉक्टरची फी वाचली, अपॉइंटमेंटसाठी ताटकळणं संपलं. पण त्या तीन माणसांनी सांगायचं ते सगळं आता खोक्यावर आणि आतल्या घडीच्या कागदावर येऊन बसलं आहे, आणि वाचायची जबाबदारी आपली.

असं औषध शेल्फवर येण्यापूर्वी सामान्य गिऱ्हाइकाला लेबल वाचून समजतं का, हे आपल्यासाठी आहे की नाही ते त्याला स्वतःचं स्वतः ठरवता येतं का, याची चाचणी कंपन्यांना सहसा घ्यावी लागते. खोक्याच्या मागची 'ड्रग फॅक्ट्स' नावाची चौकट त्यासाठीच असते. १९९९ च्या नियमापासून अशा सगळ्या औषधांवर ती एकाच क्रमाने छापतात: आधी औषधाचं नाव आणि प्रमाण, मग कशासाठी, मग इशारे, मग कसं वापरायचं. एकदा एका खोक्यावर ती वाचायची सवय लागली की खोकल्याच्या औषधापासून अ‍ॅसिडिटीच्या गोळीपर्यंत कुठेही डोळे बरोबर जागेवर जातात. म्हणून कुणी नवीन आलं की मी त्यांना आधी ही चौकट दाखवते, जेल नंतर.

आता पट्टीबद्दल. खोक्यात ट्यूबशेजारी एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असते आणि ती बहुतेक घरांत खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. तिच्यावर दोन खुणा आहेत. एक सव्वादोन इंचांवर, म्हणजे २ ग्रॅम. ही हात, मनगट आणि कोपर यांसाठी. दुसरी साडेचार इंचांवर, म्हणजे ४ ग्रॅम. ही पाऊल, घोटा आणि गुडघा यांसाठी. ट्यूबचं तोंड पट्टीवर टेकवून खुणेपर्यंत सलग रेघ ओढायची, पट्टीनेच ते सांध्यावर उतरवायचं आणि मग हाताने चोळायचं. गुडघा म्हणजे नुसती वाटी नव्हे. पुढून, दोन्ही बाजूंनी आणि मागून, सगळीकडे लावायचं. दिवसातून चार वेळा. पट्टी धुऊन, पुसून परत ट्यूबजवळ ठेवायची.

साडेचार इंच जेल पहिल्यांदा बघितलं की माणूस दचकतो. आपल्याला बोटावर वाटाण्याएवढं घेऊन चोळायची सवय. पण ही मात्रा चाचण्यांमधून ठरलेली आहे, आणि वाटाण्याएवढं लावून "काही फरक पडला नाही" म्हणणारे बरेच लोक मी बघितले आहेत. उलट टोकही आहे. दुखणं जास्त म्हणून दोन्ही गुडघे, दोन्ही हात, खांदा, कंबर, सगळीकडे थापणारे. चिठ्ठीच्या काळातल्या माहितीपत्रकात याबद्दल दोन आकडे होते, ते माझ्या डोक्यात पक्के बसले आहेत. एका गुडघ्याला चार वेळा ४-४ ग्रॅम लावलं, तर अंगात जाणारं डायक्लोफेनॅक हे गोळ्या घेतल्यावर जातं त्याच्या सरासरी ६ टक्के असतं. तेच दिवसाला ४८ ग्रॅम लावलं तर २० टक्क्यांवर जातं. वरून लावायचं औषध आहे म्हणून कितीही लावा, असं अजिबात नाही. खोक्यावर स्पष्ट लिहिलं आहे की एका वेळी शरीराच्या दोनपेक्षा जास्त जागांवर लावू नये, आणि डॉक्टरने सांगितल्याशिवाय सलग २१ दिवसांपेक्षा जास्त वापरू नये.

यातून एक हिशेब निघतो. तो खोक्यावर कुठेही ठळक छापलेला नाही आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. एक गुडघा म्हणजे दिवसाला १६ ग्रॅम. १०० ग्रॅमची ट्यूब सहा दिवसांत संपते. दोन्ही गुडघे असतील तर तीन दिवस. आणि त्याच खोक्यावर असंही म्हटलंय की गुण यायला सात दिवसांपर्यंत लागू शकतात, हे झटपट आराम देणारं औषध नाही, आणि सात दिवसांत फरक पडला नाही तर थांबा. म्हणजे एका गुडघ्याला नियमाने लावणाऱ्याला गुण येतो की नाही हे कळायच्या आत पहिली ट्यूब संपलेली असते. माणूस काय करतो? पुरवून पुरवून लावतो. मात्रा अर्धी होते, गुण येत नाही, आणि दोष औषधाला जातो. खोक्याच्या पुढच्या बाजूला जिथे प्रिस्क्रिप्शनच्याच ताकदीचं असल्याचं मोठ्या अक्षरांत सांगतात, तिथेच "एका गुडघ्याला सहा दिवस पुरेल" एवढं छापलं तर किती लोकांचं भलं होईल.

गुणाचं विचाराल तर, माझ्या गुडघ्याला निश्चित फरक पडतो. आठवडा संपत येतो तेव्हा सकाळी उठल्यावरचा ताठरपणा कमी झालेला असतो आणि तळघरात लाँड्रीला जाताना कठडा घट्ट धरावा लागत नाही. अंगठ्यांना तर गुडघ्यापेक्षाही चांगला गुण आला. बरणीचं झाकण, ओला कपडा पिळणं, कणीक तिंबणं, या कामांत जी कळ यायची ती बरीच कमी झाली. झीज काही भरून येत नाही, दुखणं कमी होतं, एवढ्याच अपेक्षेने घ्या. कंबर, खांदा आणि खुबा यांसाठी हे नाही. तिथे तपासलेलंच नाही असं चिठ्ठीच्या काळातल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. मुरगळणं, लचक, मुका मार यांसाठीही नाही. आमच्याकडे पोरं क्रिकेट खेळून आली की हीच ट्यूब शोधतात, मी देत नाही.

हाताला लावणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. हाताला लावल्यावर निदान एक तास हात धुवायचे नाहीत. अंघोळही तासभर नाही. कपडा किंवा ग्लोव्ह घालायच्या आधी दहा मिनिटं जाऊ द्यायची. वरून शेकायची पिशवी ठेवायची नाही. आता आपल्या स्वयंपाकघरात तासभर हात न धुता बसायचं म्हणजे काय ते सांगायला नको. आणि हे लावलेल्या हाताने कणकेला हात लावायचा नाही, हेही ओघाने आलंच. मी सकाळचा चहा झाला की, जेवणाची भांडी आवरली की, संध्याकाळी फोनवर बोलायच्या वेळी आणि झोपताना अशा चार वेळा ठरवून टाकल्या आहेत. माहितीपत्रकात चार वेळा लिहिलंय, पण त्या चार वेळा घरातल्या कामात कुठे बसवायच्या ते आपलं आपल्याला बघावं लागतं.

वास हलका आहे, थोडा अत्तरासारखा, थोडा स्पिरिटचा. झोंबत नाही, गारही वाटत नाही. यावरून गैरसमज होतो. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या इमारतीतल्या मुलीची आई साताऱ्याहून आली होती. मला म्हणाल्या, "अगं, हे लावून काहीच कळत नाही. जुनं असेल. माझं तिकडचं कसं लावल्याबरोबर चुरचुरतं!" त्यांचं तिकडचं म्हणजे व्होलिनी. त्यात डायक्लोफेनॅकबरोबर मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटही असतं. ती चुरचुर त्यांची असते, डायक्लोफेनॅकची नव्हे. मी म्हटलं, "काकू, हे मुकाट्याने काम करतं. पण आधी मला तुमची औषधांची पिशवी दाखवा बघू."

पिशवीत काय होतं? बीपीची टेल्मा-एच, इकोस्प्रिन, अ‍ॅसिडिटीची पॅन-डी आणि "कधी फारच दुखलं तर" म्हणून कॉम्बिफ्लॅमच्या दोन स्ट्रिप. आता खोक्यावर काय लिहिलंय ते बघा. वय ६० किंवा त्याहून जास्त असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, रक्त पातळ करणारी किंवा स्टेरॉइडची गोळी चालू असेल, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांपैकी काही घेत असाल, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. बीपी, हृदयविकार, किडनी, लिव्हर, दमा यांपैकी काही असेल किंवा लघवी वाढवणारी गोळी घेत असाल, तर वापरायच्या आधी डॉक्टरला विचारा. काकूंना यातल्या बऱ्याच गोष्टी लागू होत्या, आणि खोकं त्यांना एकही सांगू शकत नव्हतं. इकोस्प्रिन म्हणजेच अ‍ॅस्पिरिन, कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन आहे, टेल्मा-एचमधला 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, तीच ती लघवी वाढवणारी गोळी, हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्या मुलीलाही माहीत नव्हतं. ती आयटीत आहे, इंग्रजी उत्तम वाचते. भाषेची अडचण नव्हतीच. इथल्या लेबलवर औषधांची मूळ नावं असतात, आणि आपल्या माणसांच्या डोक्यात ब्रँड असतात.

मी त्यांना घेऊन सरळ फार्मसीच्या काउंटरवर गेले. अमेरिकेतल्या फार्मसीत फार्मासिस्टला विचारायला पैसे पडत नाहीत, औषध चिठ्ठीशिवायचं असलं तरी. हे इथे वर्षानुवर्षं राहिलेल्यांनाही सांगावं लागतं. फार्मासिस्टने प्रत्येक स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरांतली मूळ नावं वाचली. म्हणाली, कॉम्बिफ्लॅम आणि हे एकत्र अजिबात नको, आणि बीपीच्या गोळ्यांमुळे आधी यांच्या डॉक्टरशी बोला. मुलीने त्याच रात्री साताऱ्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सांगितलं, एकाच गुडघ्याला लावा, दोन आठवडे, कॉम्बिफ्लॅम बंद, पावलांवर सूज आली तर लगेच थांबवा. काकूंनी तसंच केलं आणि त्यांना बरं वाटलं. पट्टी त्यांनी देवाच्या कपाटात ठेवली होती, हरवू नये म्हणून.

म्हणून माझा आग्रह आहे की भारतातून कुणी आलं की दुकानात जायच्या आधी त्यांच्या प्रत्येक स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅकच, गोळीतून. झेरोडॉलमधलं अ‍ॅसिक्लोफेनॅक त्याच घराण्यातलं. त्या चालू असताना वरून हे जेल म्हणजे एकाच प्रकारचं औषध दोन वाटांनी. अ‍ॅडव्हिल आणि अलीव्ह ही इथली औषधंही त्यातलीच, आणि तीही एकेकाळी चिठ्ठीवरचीच होती. अ‍ॅडव्हिलमधलं आयब्युप्रोफेन १९८४ मध्ये चिठ्ठीतून सुटलं, अलीव्हमधलं नॅप्रोक्सेन १९९४ मध्ये. आता ती इतकी अंगवळणी पडली आहेत की लोक त्यांना औषध म्हणूनसुद्धा मोजत नाहीत. "काही औषधं चालू आहेत का?" या प्रश्नाला "नाही" म्हणतात आणि पर्समध्ये अ‍ॅडव्हिलची बाटली असते.

तसंच दिवसांच्या मर्यादेचं. प्रायलोसेक ओटीसी, म्हणजे अ‍ॅसिडिटीवरचं ओमेप्रॅझोल, २००३ मध्ये इथे शेल्फवर आलं ते १४ दिवसांच्या कोर्सची अट घेऊन. आपल्याकडे ओमेझ किंवा पॅन-डी सकाळी उठल्यावर वर्षानुवर्षं घेणारे मला घराघरांत भेटतात. चिठ्ठीशिवाय मिळतं ते थोड्या दिवसांसाठी स्वतः वापरायला. त्यापुढे दुखणं राहिलं तर कारण शोधायला डॉक्टर लागतोच.

भारतात हे जेल पूर्वीपासून कुठल्याही मेडिकलमध्ये सहज मिळतं. ट्यूबवर डायक्लोफेनॅक डायइथाइलअमाइन १.१६ टक्के असं दिसलं तर गोंधळू नका, ते १ टक्का सोडियमच्या बरोबरीचंच आहे. मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १६ औषधं रीतसर विनाचिठ्ठी विकू द्यावीत असा मसुदा काढला होता. त्यात पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफेनॅकचं मलम-जेलही होतं, आणि पाच दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जावं अशी अट घातली होती. अट योग्य आहे. पण कोल्हापुरात माझ्या बहिणीच्या घरी जी ट्यूब आहे तिच्याबरोबर किती लावायचं ते दाखवणारी पट्टी नाही. कंपन्यांनी मराठीत एक छोटा कागद आणि एक पट्टी घातली तर खर्च किती येणार? माझी इथली पट्टी तिला देता येत नाही, कारण तिच्यावरची इंचं याच ट्यूबच्या तोंडाच्या मापाने ठरवलेली आहेत.

पैशांचं थोडक्यात. व्होल्टारेनची १०० ग्रॅमची ट्यूब मला वीस डॉलरच्या आतबाहेर पडायची. मोठ्या दुकानांचं स्वतःच्या नावाचं १ टक्का डायक्लोफेनॅक जेल स्वस्त असतं, औषध तेच असतं, मी आता तेच घेते. मात्र खोक्यात पट्टी आहे ना ते बघून. मेडिकेअर पार्ट डी, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातला औषधांचा भाग, चिठ्ठीशिवायच्या औषधांचे पैसे देत नाही, त्यामुळे ज्यांना पूर्वी हे विम्यातून मिळायचं त्यांच्या खिशावर भार आला, हे या सगळ्या सोयीतलं नुकसान. नोकरीत असाल तर एफएसए किंवा एचएसएचं, म्हणजे औषधोपचारासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायच्या खात्याचं, कार्ड चालतं. मार्च २०२० च्या, कोविडकाळातल्या केअर्स कायद्यापासून त्यासाठी चिठ्ठी लागत नाही.

औषधाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पट्टीला पाच. खोक्याला तीन, कारण अक्षर इतकं बारीक आहे की ज्या वयाच्या लोकांसाठी हे बनवलंय त्यांना ते भिंगाशिवाय वाचता येत नाही. पहिल्यांदा घेत असाल तर ५० ग्रॅमची छोटी ट्यूब घेऊ नका, गुडघ्याला ती तीन दिवसांत संपेल आणि काही कळणार नाही. हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालंय किंवा व्हायचंय त्यांनी हात लावू नये. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनीही नाही. बाकीच्यांनी शेल्फवरून उचलल्यावर चेकआउटकडे जाण्याआधी मागच्या बाजूच्या फार्मसी काउंटरवर जावं, तिथे 'कन्सल्टेशन' अशी पाटी असते.